नागम्माची जागा

निजामाच्या मोगलाईत पंधरा वर्षं मास्तरकी करूनही गुरुलिंग सरकारदरबारी परकाच होता. त्याचं गाव बार्शीकडचं, इंग्रजी मुलखातलं. कळंबच्या शाळेत तो आजवर हंगामी म्हणून कसाबसा टिकला होता. आता हुकूम आला, मुलकी, म्हणजे इथलाच रहिवासी असल्याचा, दाखला आणा, नाहीतर जागा सोडा. दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागे, ते होतं. शिवाय तहसीलदारापुढं शपथ घ्यायची, की गावी परतायचा इरादा कायमचा सोडला. तीही घ्यायला तो एका पायावर तयार होता. पण ऐन वेळी त्याच्या आईनं, नागम्मानं, घोळ घातला. सोमवारी सुनावणी आणि शुक्रवारी म्हातारी गावी निघाली.

"अव्वा, आत्ताच कशाला? हद्दीच्या नाक्यावर शिपाई समदं बघतो. तहसीलदार म्हणंल, ह्यांचा जीव अजून तिकडंच हाय."

"काम हाय माझं," म्हणत ती बैलगाडीत चढलीसुद्धा.

काम कसलं, हे गुरुलिंगाला ठाऊक होतं. त्यांच्या लिंगायतांत माणूस मातीत ठेवतात. वडिलांच्या समाधीशेजारची जागा नागम्मानं स्वतःसाठी राखली होती. दरसाल तिथं जाऊन ती गवत उपटी, कडेचे दगड नीट लावी. लोक शेतावर जीव टाकतात, ही बाई त्या एवढ्याशा तुकड्यावर! गुरुलिंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला घास गोड लागेना, एका जागी बसवेना. वर्गात शिकवता शिकवता तो खिडकीशी जाई, बार्शीच्या वाटेकडं बघे आणि पोरांना तोच धडा पुन्हा वाचायला लावी.

सोमवारी कचेरीत त्याच्या नावाचा पुकारा झाला, तरी नागम्माचा पत्ता नव्हता. तहसीलदारानं चष्म्यावरून पाहिलं.

"मास्तर, तुम्ही म्हणता परत जाणार नाही. आणि तुमची वालिदा परवाच हद्दीपार गेली, अशी खबर आहे. मग तुमचा इरादा खरा कसा मानायचा?"

गुरुलिंग खुलासा करायला पुढं सरला. इतक्यात दारातून आवाज आला, "मला इचारा की!"

शिपाई आडवा होतोय तोवर धुळीनं माखलेली नागम्मा आत आली होती.

"सायेब, मालकाशेजारी माझी जागा व्हती. ती धाकट्या दिराला देऊन आले. चार माणसांम्होरं सांगून आले, माझी वाट बघू नका. आता तिकडं माझं काय न्हाय."

कचेरीतल्या कारकुनानं, पेशकारानं, तिची गावरान बोली साहेबाला उर्दूत समजावली. तहसीलदारानं गुरुलिंगाची शपथ नोंदवली. मग त्यानं दाखल्यावर सही केली.

बाहेर उन्हात आल्यावर गुरुलिंगाला दाखल्याचा आनंद काही होईना. तीन दिवस मनातल्या मनात जिला बोल लावले, तिच्याकडं बघायची त्याला लाज वाटत होती.

"अव्वा, मला सांगायचं तरी."

"तू जाऊ दिलं नसतंस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गुरू, हितं आपल्या माणसांस्नी कुठं ठेवतात रं? पायात बळ हाय तवर एकदा दाव मला."

वाट त्याच्या पायाखालची होती. कितीतरी जणांना पोचवायला तो तिथं गेला होता.

"आज नगं, अव्वा," म्हणत त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"मग कवा?" म्हणत नागम्मा चालायलाच लागली.