खुन्याने पाय पुसले नाहीत

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. 'कात्री' सिनेमाच्या पाच भागांत मिळून अख्खं एक गाव कापून काढणारा तो खुनी आहे ना, काळा कोट, पांढरा मुखवटा, हातात शिंप्याची ही लांब कात्री? तो म्हणजे वहिनी. खरंच! कपडेपटात शिवणकाम करणारी, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, तीच ती वहिनी.

झालं असं, की पहिल्या भागाच्या शूटिंगला खुनी झालेला नट आलाच नाही. कोट तयार, पण तो वहिनीने स्वतःच्याच अंगावर घालून बघत शिवलेला, आणि अख्ख्या युनिटमध्ये तिच्याएवढं उंच नि खांद्याने रुंद दुसरं कुणी नाही. ज्याने घातला तो त्यात पोहायला लागला. शेवटी "वहिनी, पाच मिनिटं फक्त" करत तिलाच मुखवटा चढवला. शॉट अगदी साधा. दार उघडायचं, आत यायचं, कापायचं. वहिनीने दार उघडलं आणि पायपुसण्यावर पाय पुसले. आधी डावा, मग उजवा, मग वाकडं झालेलं पायपुसणं बुटाच्या टोकाने सरळ केलं. आणि मग कापलं.

तिचा तरी काय दोष? घरी सासूबाई होत्या. लग्न झाल्यापासून वहिनी दारात आली रे आली की आतून एकच शब्द यायचा, "पाय!" आणि त्याच्यामागून, "उजवा नीट पुसला नाहीस. तुझा उजवा कायम राहतो." हे इतकी वर्षं ऐकल्यावर माणूस खून करायला जरी निघाला तरी आधी पाय पुसणारच ना!

पण थिएटरात काय कहर झाला! दाराबाहेर खस्स, खस्स आवाज आला की लोक खुर्चीचे हात घट्ट धरायचे. म्हणजे बघा, तो आलाय हे कळलंय, पाय पुसतोय म्हणजे पळायला वेळही आहे, आणि आतली बया पळायचं सोडून कपाटात शिरते! 'कात्री'ची खरी जान ती खस्स-खस्सच. बाकी ठरलेला मसाला तुम्हाला माहीतच आहे. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच मरते. दिवा कुणी लावत नाही. खुनी रमतगमत चालतो आणि धावणाऱ्यांच्या आधी पोचतो. तिसऱ्या भागात तो जळून राख होतो, चौथ्यात इस्त्रीचा कोट घालून हजर. कसा, ते विचारायचं नाही.

खुनी कोण हे बाहेर फोडायचं नाही, अशी वहिनीकडून सही घेतलेली. घरी सगळ्यांना वाटे, ती नुसतं शिवते. आणि खरी गंमत म्हणजे सासूबाई 'कात्री'च्या वेड्या. टीव्हीवर लागला की जेवण बाजूला.

"बघ, बघ जरा," त्या वहिनीला म्हणायच्या, "खुनी आहे, पण वळण आहे त्याला! कुणाच्या तरी पोटचं शिस्तीचं लेकरू. नाहीतर तू."

"हो ना, आई," वहिनी म्हणायची आणि भाजी ढवळताना गालातल्या गालात हसायची.

तर सहाव्या भागाला आला नवीन दिग्दर्शक. दर वाक्यात 'व्हिजन', म्हणून युनिटने त्याचं नावच व्हिजन पाडलं. पहिल्याच दिवशी त्याने फर्मान काढलं. "खुनी पाय का पुसतो? हॉरर आहे की घरकाम? यावेळी खुनी धावेल! उडी मारेल! काच फोडून येईल!" आणि त्यासाठी जिममधून एक पैलवान आणला. त्याच्या दंडात वहिनीची कंबर मावली असती.

"वहिनी, कोट याच्या मापाने सैल करून द्या," व्हिजन म्हणाला. "तुमचं काम झालं."

वहिनीने शिवण उसवली. खूप वाईट वाटलं तिला. घरी, बाजारात, सेटवर, जिथे तिथे तिला "आटपा, आटपा" ऐकायला लागायचं. फक्त त्या मुखवट्यात असताना सगळे श्वास रोखून तिची वाट बघायचे. ती पाय पुसेपर्यंत जग थांबायचं हो! कोट सैल करताना टाचणी बोटात गेली तरी ती 'आई गं' म्हणाली नाही.

सिनेमा झाला. प्रेक्षकांचा अंदाज घ्यायला रविवारी दुपारी ट्रायल शो ठेवला, युनिटच्या घरच्यांना पास वाटले. सासूबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. वहिनी शेजारी, मान खाली.

पडद्यावर पैलवान धावला, उडाला, भिंतीवरून कोलांटी मारून आला. मागे कुणीतरी जांभई दिली. मग मोठा सीन आला. पांढराशुभ्र गालिचा, कोपऱ्यात थरथरणारी नटी, दार धाडकन उघडलं आणि पैलवान चिखलाच्या बुटांनी सरळ आत!

"ए! पाय!"

अख्खं थिएटर दचकलं. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"हा तो नव्हेच! कुणी आणलाय हा अडाणी? गालिच्याचं बघ काय केलंय मेल्याने!"

"बरोबर बोलल्या आजी!" मागून कुणीतरी ओरडलं. मग काय विचारता! "पाय पूस! पाय पूस!" टाळ्या काय, शिट्ट्या काय. पडद्यावर नटीचा गळा चिरला गेला, तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही, सगळे गालिच्यासाठी हळहळतायत.

दुसऱ्या दिवशी व्हिजन कपडेपटाच्या दारात उभा, चेहरा उतरलेला. "वहिनी, तेवढे सगळे सीन परत करायचेत. प्लीज."

वहिनीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "एका अटीवर. घाई करायची नाही."

"तुम्ही तासभर पुसा!" आणि बोलता बोलता त्याचे डोळे चमकले. "बुटांचा क्लोजअप घेऊ! पडदाभर!"

खिडक्यांना काळे पडदे लावून भर दुपारची रात्र केली आणि वहिनीने असे निवांत पाय पुसले की कॅमेरावालासुद्धा शहारला.

सिनेमा लागला, त्या दिवशी दोघी परत शेजारी. तोच गालिचा, तीच नटी. दार सावकाश उघडलं. खस्स. खस्स. पडदाभर बूट. आधी डावा, मग उजवा, मग टोकाने पायपुसणं सरळ. थिएटरात चिडीचूप. सासूबाई पुढे वाकल्या. डोळे बारीक केले. पडद्याकडे बघितलं, मग हळूच खाली, वहिनीच्या पायांकडे. मग परत पडद्याकडे.

वहिनीने पाय हळूच खुर्चीखाली ओढले.

पडद्यावर कात्री उघडली, लोक किंचाळले, आणि त्या गदारोळात सासूबाई तिच्या कानाशी आल्या.

"उजवा," त्या म्हणाल्या, "अजून नीट पुसत नाहीस तू."

आणि हातातला पॉपकॉर्नचा डबा पहिल्यांदाच त्यांनी वहिनीपुढे केला.