पुसायचा राहिलेला चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. टोकं सुईसारखी, अंग साध्या पोलादाचं. मला घडवलं घड्याळजींसाठी. पण मित्रांनो, मी आयुष्यात एकही घड्याळ उघडलं नाही. हुबळीच्या एका दुकानातून गौरव्वा मुळीमनी नावाच्या विद्यार्थिनीनं मला उचललं आणि धारवाडला हरभऱ्याच्या वाफ्यात नेलं.

तिथलं काम नाजूक. मिटलेली कळी उघडायची, आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. हात जरा जड पडला की कळी गळालीच. गौरव्वाचे गुरू हिरेमठ सर वाफ्यात उतरण्याआधी माझी परीक्षा घेत. हाताच्या पाठीवरचा एक केस माझ्यात धरून उपटायचा. केस निसटला, तर सर शांतपणे म्हणत, "आज तू पाणी द्यायला जा." हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट खार, असते आणि ती पोलाद खाते. म्हणून गौरव्वा मला रोज संध्याकाळी पुसून तेलाचं बोट लावी. मर रोगाला दाद न देणारा तिचा वाण माझ्याच टोकांतून निघाला. त्या वेळी माझं फार कौतुक झालं.

पुढे ती डॉक्टर झाली, विभागप्रमुख झाली आणि तिला पीकशास्त्रज्ञांच्या संघाचं अध्यक्ष व्हायचं होतं. त्या खुर्चीवर आजवर भाताची नाहीतर कापसाची माणसं बसली होती. कडधान्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, आणि हे तिला मनापासून खुपत होतं. एकदा ती निवडणूक लढून हरलीही होती. या खेपेनंतर तिची निवृत्ती होती.

एका दुपारी कळ्या उघडताना कुणा मतदाराचा फोन आला. तिनं मला तसंच पर्समध्ये टाकलं. पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी मी वर्षभर पडून राहिलो. आंब आपलं काम करत होती.

पुढचा हंगाम आला. वाफ्यावर जन्म काढलेली नीलव्वा म्हणाली, "अक्का, हरभरा फुलायला लागला की. तुम्ही कुठं निघालात?"

"रायचूरला. मतं गोळा करायला."

"मग कळ्या मी डब्यात भरून ठेवू काय?"

गौरव्वा हसली आणि गाडीत बसली.

प्रचारात महिना गेला आणि रायचूरलाच मतदानाची सभा भरली. तिथं प्रतिस्पर्धी डॉ. अंगडी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम कागदावर फार चांगलं काम करतात. हरभऱ्याचं फूल अजून ओळखू येतं का, तेवढं विचारा."

गौरव्वानं पर्समधून मला काढून उंच धरलं. "हा माझा चिमटा. हा सांगेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगांना फक्त वर गेलेला हात दिसत होता. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हिरेमठ सरांनी मात्र हात पुढे केला. तिला मला द्यावंच लागलं. सरांनी हाताच्या पाठीवरचा एक पांढरा केस माझ्यात धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. माझ्या टोकांवर तांबडा गंज होता. मला लाज वाटली, आणि तिलाही. सरांनी मला परत दिलं.

ती निवडून आली. हार घातलेली ती चहाच्या टेबलाजवळ सरांच्या पाया पडायला वाकली.

"मत तुलाच दिलं गं," सर म्हणाले. "चिमट्याकडे बघून दिलं असतं, तर अंगडी निवडून आला असता."

दुसऱ्या दिवशी सत्कार होता. अध्यक्षबाई मात्र धारवाडला वाफ्याच्या बांधावर बसून मला सहाणेवर घासत होत्या.

"फुलं पुढं गेली अक्का," नीलव्वा म्हणाली. "खाली उशिरा पेरलेली एक ओळ आहे, तेवढीच."

गौरव्वानं हाताचा केस धरला. निसटला. ती पुन्हा घासायला लागली. ऊन चढलं, फोन वाजत राहिला, तिनं तो उचलला नाही. शेवटी एक केस मुळासकट आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केस उपटल्यावर येतंच म्हणा.

त्या ओळीत तिनं उघडलेल्या बहुतेक कळ्या गळाल्या. एका दोऱ्याखाली मात्र दाण्याचा घाटा धरला.

मित्रांनो, ज्या वस्तूनं तुम्हाला मोठं केलं, ती चारचौघांत जरूर मिरवा. पण आधी पुसून घ्या. पुढच्या रांगेत कोणीतरी जाणकार बसलेला असतो.