एक पायरी वर चढलेलं गाणं

मित्रांनो, सोफ्याच्या मागे जो काळा डबा दिसतोय ना, एका बाजूची जाळी दबलेला, तो मी. मी एक जुना कराओकेचा स्पीकर आहे. माझ्या कपाळावर तीन बटणं आहेत. एकाने आवाज वाढतो, एकाने तो घुमतो, आणि तिसऱ्याने गाण्याची पट्टी वर किंवा खाली जाते. मला दोन माइक आहेत.

मी चीनमधल्या एका कारखान्यात तयार झालो आणि जहाजाने आयर्लंडला आलो. पहिली सहा वर्षं एनिस गावातल्या एका पबमध्ये गेली. शुक्रवारी लोक माझ्यासमोर नंबर लावून उभे राहत. कितीही बेसूर गायलं तरी "ग्रँड, ग्रँड" म्हणून टाळ्या पडत. मग तिथे भिंतीएवढा टीव्हीचा पडदा आला, आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन बसलो. तिथून अभिजितने मला डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला, त्याच्या घरी आणलं. दोन वर्षं गणपतीच्या आरत्या माझ्यातून घुमल्या. माझं फार कौतुक झालं. पुढे इथल्या मराठी मंडळाने नवा स्पीकर घेतला आणि माझी रवानगी जिन्याखालच्या प्रेसमध्ये झाली. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तिथे व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीखाली मी तीन वर्षं काढली. अंधाराची सवय होते, पण धूळ मात्र आवाजात शिरते.

या मार्चमध्ये प्रेसचं दार उघडलं. दारात नऊ वर्षांची मुक्ता होती, अभिजित आणि पद्मजाची मुलगी.

"आई, हारुकाच्या पार्टीला मी गाणार आहे," ती मराठीत म्हणाली. एरवी ती घरातही इंग्रजीच बोलते, त्यामुळे पद्मजा हातातलं काम टाकून आली.

हारुका ही मुक्ताची वर्गातली मैत्रीण. तिचं कुटुंब महिन्याभरात जपानला परत जाणार होतं, आणि निरोपाची पार्टी मुक्ताच्या घरी ठरली होती. हारुकाने मागितलेली भेट एकच होती, मुक्ताने एक जपानी गाणं म्हणायचं. आणि इथेच सगळी अडचण होती. डिसेंबरमध्ये शाळेच्या कार्यक्रमात मुक्ता गाता गाता मधेच थांबली होती. तेव्हापासून ती कुठेच गात नव्हती. वर्गात सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवायची. पद्मजाला हे बाईंनी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः खिडकीतून पाहिलं होतं.

"सोपं गाणं शोधू या," पद्मजा म्हणाली. "अगदी सोपं."

पद्मजा सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. चुका आधीच शोधून ठेवायची तिला सवय आहे. तिने सात जपानी गाणी निवडली आणि लॅपटॉपवर तक्ता केला. एका ओळीत शब्द किती, श्वास कुठे घ्यायचा, सर्वांत वरचा सूर कोणता, ध्रुवपद किती वेळा येतं.

पहिलं गाणं कार्टूनचं होतं. मुक्ताला ते आवडायचं, पण शब्द इतके भरभर की जीभ अडकायची. मग पद्मजाने एक संथ गाणं घेतलं. संथ म्हणजे सोपं, असं तिला वाटलं होतं. पण संथ गाण्यात सूर लांबवर धरावा लागतो. तिसऱ्या ओळीलाच मुक्ताचा श्वास संपला. दोघींनी आणखी चार गाणी बाजूला ठेवली. शेवटी बसमध्ये छत्री विसरलेल्या मुलीचं एक गाणं सापडलं. सूर जवळजवळ, शब्द मोजके, ध्रुवपद तीनदा. पद्मजाने माझं तिसरं बटण फिरवून पट्टी दोन घरं खाली आणली, आणि गाणं मुक्ताच्या गळ्यात बसलं.

पद्मजाने शब्द देवनागरीत लिहून दिले. जपानी अक्षरं सुटी सुटी, त्यामुळे ती देवनागरीत छान बसतात. मुक्ता बोट ठेवून वाचू लागली.

"मराठीचं पुस्तक काढलं की हिच्या पोटात दुखतं," अभिजित म्हणाला. "जपानी मात्र बघ, घडाघड."

"अरे, चिडवू नकोस. वाचतेय ना?"

"मी कुठे चिडवतोय? म्हटलं, पुढचा धडा जपानीतच मागवू."

"बाबा, यू आर नॉट फनी," मुक्ता कागदावरून मान वर न करता म्हणाली.

पद्मजा पुण्यात तीन वर्षं गाणं शिकली होती. तिने फोनवर तानपुरा लावला आणि एकेक ओळ घोटवून घेतली. माझ्यावर संगीत लावूनही सराव व्हायचा, पण दुसरं ध्रुवपद झालं की ती गाणं बंद करायची. "पुढे परत तेच आहे. चल, गृहपाठ." तिने शिकलेल्या गाण्यांत सा एकदा धरला की तो शेवटपर्यंत हलत नाही. त्यामुळे तक्त्यात तिने ध्रुवपद तीनदा लिहिलं, पण तिसरं कधी ऐकलंच नाही. मला शंका येत होती. एनिसच्या पबमध्ये मी अशी गाणी पाहिली होती, जी शेवटी एकदम एक पायरी वर चढतात. पण मित्रांनो, मला स्वतःचं असं काही बोलता येत नाही.

पार्टीच्या दुपारी बारा मुली आणि त्यांचे आईबाबा हॉलमध्ये दाटीने बसले. हारुका सर्वांत पुढे, मांडी घालून. मुक्ताने माइक दोन्ही हातांनी धरला होता. पद्मजा माझ्याजवळ उभी होती. दुसरा माइक तिने ओढणीत लपवून धरला होता. मुक्ता थांबलीच, तर आपण गायचं, असं तिने ठरवलं होतं.

पहिलं ध्रुवपद नीट झालं. दुसरं तर खणखणीत झालं. हारुकाची आई डोळे मिटून मान हलवत होती. मग संगीत क्षणभर थबकलं, आणि तिसरं ध्रुवपद एक पायरी वरून सुरू झालं.

मुक्ताने तोंड उघडलं. तिचा सूर कुठेच बसेना. ती थांबली.

अभिजित मला बंद करायला उठला. पण त्याआधीच पद्मजाने दुसरा माइक तोंडाशी नेऊन मोठ्याने गायला सुरुवात केली. तिचा सा जागच्या जागी राहिला होता. संगीत वर, पद्मजा खाली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं बेसूर मी क्वचितच ऐकलं असेल.

मुली हसू लागल्या. पद्मजा लाल झाली, पण थांबली नाही. मुक्ताने आईकडे वळून पाहिलं. मग तिलाही हसू फुटलं.

"आई, ते वर गेलंय," ती माइकमध्येच म्हणाली. "लिसन."

तिने डोळे मिटून दोन ओळी नुसत्या ऐकल्या. मी वाजत राहिलो. अभिजितचा हात माझ्या बटणावर तसाच थांबला होता. मग मुक्ताने हात उंच करून आईला सूर दाखवला आणि नव्या जागेवरून गायला लागली. तिच्यामागोमाग पद्मजाही धडपडत वर आली. शेवटच्या ओळीला हारुका उठून त्यांच्यामध्ये उभी राहिली आणि तिघींनी मिळून गाणं संपवलं.

"आमच्याकडे शेवटचं नेहमी वर जातं," हारुका नंतर इंग्रजीत म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आय टेस्ट थिंग्ज फॉर अ लिव्हिंग," पद्मजा कपाळावर हात मारून म्हणाली, आणि हारुकाची आई तोंडावर हात धरून हसत सुटली.

पाहुणे गेल्यावर पद्मजा माझी वायर गुंडाळू लागली. "राहू दे ना, आई," मुक्ता म्हणाली. "मला ते वरचं अजून नीट करायचंय." पद्मजाने वायर सोडली. आता मी सोफ्यामागेच असतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांची वायर धरून ओढू नका, जाळीवरची धूळ अधूनमधून पुसा, आणि त्यांना वाजू द्या. आणखी एक सांगतो. तुमच्या घरी कुणी गाता गाता थांबलं, तर संगीत लगेच बंद करू नका. ते थोडा वेळ चालू राहू द्या. थांबलेल्या माणसाला ते ऐकून परत येता येतं.