हं, बरं, असं का

आईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला दादाच म्हणत. दादा घरबसल्या इमारतींचे आराखडे काढून द्यायचा आणि कामाला वाघ होता, पण दर रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला की त्याचा कॉम्प्युटर धापा टाकू लागे. आराखड्यातल्या भिंती अर्ध्याच उमटून अडकत, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत दुसऱ्या गावी एकटी राहणारी आई बोलत राही. ती काय बोलते हे दादाला ठाऊक नसे, कारण कॉल सुरू झाला की तो आवाजाची पट्टी शून्यावर नेऊन कामाला लागायचा. मधूनमधून कॅमेऱ्याकडे बघून मान हलवायची, "हं", "बरं", "असं का" म्हणायचं, ती हसली की आपणही हसायचं. सुरुवातीला त्याला याची लाज वाटली होती, पुढे हात बसला.

काम आणि आई दोन्ही एकदम चालावं म्हणून त्याने मेमरी वाढवून घेतली. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडून त्याने धूळ फुंकली, मेमरीच्या नव्या पट्ट्या बसवल्या आणि चहा घेऊन गेला. मशीन पळू लागलं. त्या रविवारी दादाला खरोखरच फुरसत होती, म्हणून त्याने बऱ्याच महिन्यांनी आवाज वाढवला, आणि आईचे ओठ हलत असूनही तिचा आवाज काही आला नाही.

गाणी वाजत होती, बातम्या ऐकू येत होत्या, धाकट्या बहिणीचा कॉल तर भिंतीपलीकडे जाईल इतका खणखणीत. फक्त आईचा आवाज नाही. त्याने साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, स्पीकर बदलले, हेडफोन लावून पाहिले. शेवटी पुढच्या रविवारी दुरुस्तीवाल्यालाच बोलावून घेतलं आणि त्याला तोंडाला येईल ते बोलला. त्या बिचाऱ्याने पट्ट्यांची टोकं खोडरबराने घासली, जागा बदलून पाहिल्या, जुन्याच पट्ट्या परत लावल्या. मग आईचा कॉल आला तेव्हा खुर्चीत तोच बसला. काकू, ऐकू येतंय का, असं त्याने विचारलं, आईने काहीतरी उत्तर दिलं आणि तो खो खो हसला. तुमच्या आई भारी गमतीच्या आहेत, म्हणाला.

"साहेब, आवाज स्वच्छ येतोय की."

दादाने हेडफोन कानांवर दाबून धरले. आईच्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता, तिने कप बशीत ठेवला तो ऐकू आला, तिच्या खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिचे ओठ हलत तेवढा वेळ मात्र नुसता पंखाच. "हो," तो म्हणाला, "आता येतोय." खोटं बोलताना त्याचे कान तापले. दुरुस्तीवाल्याने वर आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून माफी मागितली, तेव्हा तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईला खरं काय ते सांगून टाकावं असं त्याला फार वाटे. पण ऐकू येत नाही म्हटलं तर ती विचारणार, कधीपासून? चोराच्या मनात चांदणं. त्यामुळे पुढचे रविवारही तो मान हलवत राहिला; फरक इतकाच, की आता काम बाजूला सारून, तिच्या ओठांवरून एखादा तरी शब्द कळावा म्हणून तो डोळे ताणून बघत बसे. डोळे दुखायचे, शब्द कळायचा नाही.

एका दुपारी बहीण अवचित दारात उभी राहिली. डोळे ओले, चेहरा फुललेला. आत येता येताच म्हणाली, की मी तुला ओळखलंच नव्हतं रे. घर विकून तुझ्याकडे कायमची आले तर चालेल का, असं आईने भीत भीत कितीदा तरी विचारलं, आणि दरवेळी तू हसून बरं म्हणालास. हे कधी, असं त्याने जमेल तितक्या सहज विचारलं. थंडीच्या दिवसांत, ती म्हणाली. म्हणजे मेमरी वाढवण्याच्या कितीतरी आधी. घराचा व्यवहार उरकला होता आणि परवा किल्ल्या द्यायच्या होत्या.

बहिणीने तिथेच आईला कॉल लावला. आईच्या मागच्या भिंती बोडक्या झाल्या होत्या, खोकी दोरीने बांधून ठेवलेली होती. चष्मा काढून पुसत ती बरंच काही बोलली; बहीण मध्येच हसली, मध्येच रडली. दादाला रिकाम्या घरात घुमणारा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"तुझं मन बदललं असेल तर अजून सांग, म्हणतेय," बहीण हळूच म्हणाली. "नाहीतर एकदा तुझ्या तोंडून हो ऐकायचंय तिला."

आता मान हलवून भागणार नव्हतं, आणि त्याला तसं करायचंही नव्हतं. लाजेने वर होत नसलेली नजर त्याने कशीबशी वर केली आणि कॅमेऱ्यात पाहत सगळं सांगून टाकलं. "आई, मी ऐकतच नव्हतो. इतके महिने तुझा आवाज बंद करून बसायचो मी. तू काय विचारलंस ते मला आज कळलं. पण ये तू. खरंच ये." शब्द त्याला स्वतःला नीट ऐकू आले, शेवटी आवाज कापला तोही ऐकू आला.

आई पडद्याजवळ झुकली. तिने चष्मा चढवला, आपल्या फोनच्या बाजूची कळ दोन-तीनदा दाबली. मग तिचा चेहरा उतरला.

बहिणीचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"दादा, नुसते ओठ काय हलवतोस? काहीतरी बोल ना."