गिंतारासचा तिसरा प्रयत्न

ते साल २०१९. साल पक्कं लक्षात आहे, कारण पुढच्याच वर्षी सगळं जग घरात बसलं आणि माझ्या आठवणींची त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या अशी वाटणी होऊन गेली.

माझा नवरा जयप्रकाश जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आम्ही दोघं १९८१ मध्ये बहारीनला आलो, तेव्हा राजधानी मनामातल्या हूरा भागातल्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना समुद्राचा वास यायचा. पुढे भर टाकून समुद्र मागे ढकलला, तिथे हॉटेलं उभी राहिली. मुलगा मयुरेश आणि सून सावनी सकाळी सातला बाहेर पडत. मग एसीचा आवाज आणि मी. पुण्याचं घर आम्ही कधीच विकलं होतं. परत जायचं म्हटलं तरी कुठे, हा प्रश्न मी स्वतःला विचारणं सोडून दिलं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये गिंतारास राहायला आला. लिथुआनियाचा. वय शेहेचाळीस. दारातून आत जाताना त्याला अंग तिरकं करावं लागे. जवळच्या एका जिमच्या मालकाने त्याला कोच म्हणून आणलं होतं. बिल्डिंगमधली माणसं त्याला पैलवान म्हणत आणि त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नसत. लिफ्टचं दार उघडलं, आत तो दिसला, की हसून हात हलवत, तुम्ही व्हा पुढे. तोही हसायचा. एकदा दार बंद होताना त्याचा चेहरा मला दिसला. हसू तेवढ्यात पुसलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. लिफ्ट थोडी कुरकुरली. तो म्हणाला, आंटी, तुम्हाला भीती नाही वाटत? मी म्हटलं, माझं वजन पंचेचाळीस किलो, पडली तर दोष तुझाच.

तशी आमची ओळख. मी मनामाच्या एका कंपनीत वीस वर्षं टायपिस्ट होते, त्यामुळे इंग्रजीची अडचण नव्हती. त्याचंच मोडकं होतं. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी त्याला जेवायला बोलवायची. पहिल्या शुक्रवारी मी बीटाची कोशिंबीर केली होती, भरपूर दही घातलेली. तो गुलाबी रंग बघून तो चमचा हातात धरून तसाच बसला. त्यांच्याकडे उन्हाळ्यात बीट आणि आंबट दुधाचं असंच गुलाबी थंडगार सूप करतात म्हणे. मग त्याने पातेलंच पुढे ओढलं. सावनीला ते आवडलं नाही. मला आवडलं. त्या घरात कुणी मागून घेऊन खाल्ल्याला फार दिवस झाले होते.

बिल्डिंगखाली फारुखचं कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं वाणसामानाचं दुकान, होतं. फारुख दापोलीकडचा, तीस वर्षांपासूनची ओळख. तो मला वर हाक मारून सांगायचा, "मेधावैनी, तुमचा पैलवान आज सगळी अंडी घेऊन गेला. याला पोसायचा म्हणजे दापोलीच्या कोंबड्यांचा व्हिसा काढायला हवा."

गिंतारास विशीत असताना पॉवरलिफ्टिंगमध्ये देशाचा चॅम्पियन होता. मग स्ट्राँगमनच्या स्पर्धांकडे वळला. ओंडके डोक्यावर उचलायचे, दगडांचे गोळे ओट्यावर ठेवायचे, ट्रक ओढायचे. दोनदा युरोपात पहिला आला. दंडाचा स्नायू एकदा फाटला, शिवून परत उभा राहिला. बायको मधल्या काळात निघून गेली. तो म्हणे, तिचं चुकलं नाही, मी घरी फक्त जेवायला आणि झोपायला असायचो.

शेवटी शेवटी त्याला पुन्हा पॉवरलिफ्टिंग करावंसं वाटलं, तेही आपल्या गावात, आईसमोर. खांद्यावर बार घेऊन बसायचं आणि उठायचं, हा त्यातला पहिला प्रकार. तिथे खाली बसताना त्याचा गुडघा सुटला. चारचौघांनी उचलून नेलं. नियम असा, की तिन्ही प्रकारांत निदान एकेक वजन उचलल्याशिवाय बेरीज होत नाही, नावापुढे काहीच लागत नाही. वीस वर्षं जिंकलेल्या माणसाचा शेवटचा निकाल कोरा राहिला. त्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तो गावी गेला नव्हता. आई ऐंशी ओलांडलेली, एकटी. दर रविवारी तो तिला फोन करी. एक स्पर्धा पुरी करतो आणि येतो, असं सांगून ठेवलेलं.

मी त्याला म्हटलं, आईला तुझ्या बेरजेशी काय करायचंय? तो म्हणाला, तिला नाही. पण मला उचलून नेलं, त्या रस्त्याने चालत घरी जायचंय.

डिसेंबरमध्ये, बहारीनच्या नॅशनल डेच्या आधीच्या शुक्रवारी, मनामाच्या एका हॉलमध्ये स्पर्धा ठरली. त्याने नाव दिलं. त्या दिवसापासून मला एक गोष्ट नीट कळली. याला जमलं तर हा जाणार. आणि मग पुन्हा एसीचा आवाज आणि मी.

तो जिममधल्या पोरांना नेहमी एक शिकवायचा. पहिलं वजन असं सांगा, की अंगात ताप असला तरी उचलता येईल. कारण एकदा सांगितलेलं वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. तीन वेळा चुकलात की खलास. फारुखलाही हे पाठ झालं होतं.

पण जिमवाल्याने हूराभर पोस्टरं लावली. युरोपचा चॅम्पियन, प्रत्यक्ष बघा. आणि गिंतारासने पहिलंच वजन सांगितलं दोनशे नव्वद किलो. फारुख मला गाडीतून हॉलला घेऊन चालला होता, त्याने फोनवर हे ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाला, चॅम्पियन म्हटल्यावर हा दोनशे कसा सांगेल, स्ट्राँगमनमध्ये पहिल्याच वेळी मोठ्यात मोठं वजन उचलायचं असतं. मला वाटलं, एवढं जगभर फिरलेला माणूस, आणि एका पोस्टरला बळी पडला.

पहिल्या प्रयत्नात तो बसला आणि उठला. टाळ्या पडल्या. पण पंचांचे तिन्ही दिवे लाल लागले. जांघ गुडघ्याच्या खाली जायला हवी, ती गेली नव्हती. दुसऱ्या वेळी तेच. वजन त्याला जड नव्हतं, हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. ठरावीक जागी आला की तो थांबत होता आणि उलटा फिरत होता. गावातल्या हॉलमध्ये गुडघा सुटला, ती जागा.

मी उठून पडद्यामागे गेले. कुणी अडवलं नाही, म्हाताऱ्या बाईला सहसा अडवत नाहीत. तो खुर्चीवर डोकं खाली घालून बसला होता. गुडघ्यावरचे पट्टे घामाने भिजले होते. जिमवाला कोपऱ्यात फोनवर बोलत होता. गिंतारासने वर बघितलं आणि म्हणाला, "आंटी, खाली काय आहे ते मला माहीत आहे."

गप्प राहणं सोपं होतं. तो इथेच राहिला असता, दर शुक्रवारी जेवायला आला असता, आपण पुढच्या वर्षी बघू असं मीच म्हटलं असतं.

"पूर्ण खाली जा," मी म्हटलं. "वर यायचं की नाही ते खाली गेल्यावर ठरव."

"आणि नाही आलो तर?"

"तर तिथे चार माणसं उभी आहेत, बार धरायला. तुला घरी मी आणि फारुख नेऊ. लिफ्टने."

तो हसला नाही. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला, मग पट्टे घट्ट केले.

मी खुर्चीकडे परतले तोवर तो बारखाली उभा होता. तो खाली गेला, नेहमीची जागा ओलांडून गेला, इतका खाली की मला वाटलं आता हा जमिनीला टेकेल. आणि तिथे थांबला. फारुख अल्लाचं नाव घेत माझ्याकडे न बघता म्हणाला, "उठ रे बाबा." बाजूची माणसं बारखाली हात घालायला पुढे झाली. त्याने मान हलवून त्यांना नको म्हटलं आणि फार हळू, जसा एखादा माणूस आजारातून उठतो तसा, उठला.

दोन पांढरे, एक लाल. दोन पुरतात.

पुढचे दोन प्रकार त्याने हलकी वजनं सांगून आटपले. त्याच्या वजनगटात तो दुसरा आला. पहिला आला तो अथर्व नावाचा नाशिककडचा चोवीस वर्षांचा इंजिनिअर. सगळे फोटो त्याचेच काढले गेले. जिमवाला स्पर्धा संपण्याआधीच निघून गेला होता. गिंतारासने हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर बसून आईला फोन लावला. त्या भाषेतला एक शब्द मला कळत नव्हता. तो फार थोडं बोलला, बराच वेळ ऐकत राहिला.

जानेवारीत तो गेला. विमानतळावर फारुख आणि मी गेलो होतो. मिठी मारताना त्याला इतकं वाकावं लागलं, की मागे रांगेतली माणसं थांबून बघत होती.

गावी पोचल्यावर दोन महिन्यांत सगळं बंद झालं. तो आईबरोबर तिथेच अडकला आणि मग तिथेच राहिला. २०२१ मध्ये आई गेली. आता तो गावातल्या शाळेत व्यायाम शिकवतो, गुडघा बदलून घेतलाय. वर्षातून दोनदा फोन करतो, इंग्रजी आणखी मोडलंय.

फारुख दुकान मुलाच्या, फराजच्या, हाती देऊन दापोलीला परतला. तिथे त्याने खरंच कोंबड्या पाळल्यात, असं फराज सांगतो. जिम बंद पडली, जागेत फर्निचरचं शोरूम आहे. अथर्व दुबईला गेला, वजनं उचलतो की नाही ठाऊक नाही. मयुरेश आणि सावनीला कॅनडाचे कागद मिळालेत. उन्हाळ्यात जायचं म्हणतात, मलाही चल म्हणतात. मी अजून काही सांगितलेलं नाही. समोरच्या फ्लॅटला गेलं वर्षभर कुलूप आहे.