थोरलीच्या बाटलीतली गोळी

मी थोरलीच्या बाटलीतली गोळी बोलतेय. बोलतेय कसली, थापा मारतेय. जन्मच त्यासाठी झाला माझा. अंगाला पिवळा रंग, पोटावर एक रेघ, रुबाब अगदी औषधाचा. आत मात्र निव्वळ साखर नि चिमूटभर पीठ. औषधाच्या शाळेत मला दारातच उभं केलं, पण गणवेश तेवढा मिळाला!

कारखान्यात शेजारच्याच यंत्रातून खरं औषध पडत होतं. तेही पिवळं, तशीच रेघ. मी त्यातल्या एकीला डिवचलं, "अगं, हस की जरा. जुळ्या दिसतो आपण."

"दिसतो," ती म्हणाली. कडू कुठली!

पुढं आम्ही दोन बहिणींच्या घरी गेलो. शिलाईचं दुकान दोघींचं. आईचा आजार दोघींच्या रक्तात उतरलेला. आधी बोटं थरथरतात, मग घास गिळवत नाही. आई त्यातच गेली. नव्या औषधाची चाचणी निघाली तशी दोघींनी नावं दिली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की निम्म्यांना औषध मिळेल, निम्म्यांना साखर. कुणाला काय, ते तुम्हालाही कळणार नाही नि मलाही. त्याशिवाय औषधाचा खरा गुण कळत नाही.

"म्हणजे आंधळी कोशिंबीर," थोरली म्हणाली, "आणि राज्य तुमच्यावरच."

बाई हसल्या. भली बाई. लबाडी होऊ नये म्हणून स्वतःचेच डोळे बांधून घेणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

थोरलीच्या वाट्याला आम्ही आलो, धाकटीच्या वाट्याला खरं औषध. दोन्ही बाटल्या मिठाच्या बरणीशेजारी.

थोड्याच दिवसांत थोरलीची बोटं स्थिर झाली. सुईत दोरा एका फटक्यात! बाटलीत आम्ही फुगून बसलो. मी पलीकडे हाक मारली, "काय गं पंडिता, तुझं काय चाललंय?" तिचं गुपचूप चाललं होतं. धाकटीचा आजार जिथं होता तिथंच थांबला होता. पण न वाढलेलं दुखणं कुणाला दिसतं? दिसायची ती मळमळ नि कडू पडलेलं तोंड.

थोरलीनं निकाल दिला, की साखर धाकटीलाच मिळालीय. आता आपली बाटली दोघींत, एक दिवस तू, एक दिवस मी. धाकटी म्हणाली, ताई, तुला कमी पडेल.

"पडू दे. थोरली कशाला झाले मग?"

डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही असंही ठरलं. कळलं तर दोघींना काढून टाकतील. खऱ्या औषधाची बाटली वरच्या फळीवर डब्यांमागे गेली. त्या दिवशी माझं हसू आटलं. इतक्या मायेनं कुणी साखर वाटतंय, नि मला ओरडता येत नाही.

धाकटीच्या हातून कात्री निसटू लागली. मग पाण्याचा ठसका. थोरली तिलाच दटावायची, तू मनापासून घेत नाहीस म्हणून. तपासणीला दोघी एका सुरात सांगायच्या, गोळ्या वेळेवर चालू आहेत. बाई बिचाऱ्या टिपून घ्यायच्या. उद्या खरं औषधच निकामी ठरेल, तेही माझ्या जिवावर. एवढी मोठी थाप मी एकटीनं कधी मारली नव्हती.

आज माझी पाळी. धाकटीच्या घशाखाली अख्खी गोळी उतरेना, म्हणून थोरलीनं मला दोन चमच्यांत धरून चुरडलं. दुखलं. पण जन्मात पहिल्यांदाच माझं आतलं बाहेर आलं. पूड पाण्यात गेली. चमच्याला चिकटलेली वाया कशाला, म्हणून थोरलीनं त्यावरून बोट फिरवलं नि चाटलं.

थांबली. पुन्हा चाटलं.

"तुझी गोळी कडू लागायची म्हणालीस ना?"

"जिभेवर राहिली की लागायची. का गं, ताई?"

 थोरलीच्या हातातला चमचा वाटीवर किणकिण वाजायला लागला. इतके महिने स्थिर राहिलेली बोटं ती. दुसऱ्या हातानं तिनं तो हात दाबून धरला.

"फळीवरची बाटली काढ. आणि बाईंना फोन लाव, सगळं सांगायचंय."

"काढून टाकतील आपल्याला."

"मला टाकू देत. तुझ्यासाठी मी भांडेन."

मी आता चमच्यावर उरलेय, नळाखाली गेला की संपले. थापाडीचं एक खरं ऐका. बरं वाटलं म्हणून मला डोक्यावर घेऊ नका, नि मळमळलं म्हणून माझ्या कडू जुळीला फळीवर टाकू नका. आणि बाई, ती पट्टी जरा लवकर सोडा हो; तुमच्या खेळात माणसं आहेत.

धाकटीनं फळीकडे हात उंचावलाय. तोही थरथरतोय. चमचा अजून वाजतोय.