टोपी फुटते, बार होत नाही

कडूबाची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, मागे निपलवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि घोडा पाडायचा; टोपीची ठिणगी निपलच्या भोकातून दारूला लागली की बार. पीक राखायचा असला परवाना जानेफळच्या त्या शिवारात आता एकट्या कडूबाकडेच उरला होता, आणि गडी तेवढ्यावर मिशीला पीळ देऊन हिंडायचा. खोटं कशाला बोला, त्याचा उपयोगही होता. दिवस मावळायच्या आधी नाल्याकाठी त्याने हवेत एक बार काढला की रानडुकरं दुसऱ्या दिवसापर्यंत फिरकत नसत.

नाल्याला लागून पहिलं वावर पुंजाजीचं. दोन एकर मका, कणसं नुकती दुधात आलेली. डुक्कर आलं की आधी त्याच्याच ताटात तोंड घालणार, हे शिवारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

निवडणूक आली तशी बंदूक ठाण्यात जमा झाली आणि दीड महिन्याने परत मिळाली. कडूबाने त्याच दिवशी ती भरली. संध्याकाळी बांधावर उभं राहून घोडा पाडला. टोपी फुटली, फट्ट. बार काही झाला नाही. त्याने नळी आभाळाकडेच धरून मनात शंभरापर्यंत आकडे मोजले. मागाहून उडाली तर कोणाचं तोंड जायला नको, ही त्याच्या बापाची शिकवण. मग दुसरी टोपी. फट्ट. मग टाचणी घालून निपलचं भोक कोरलं, तिसरी टोपी लावली. तेच.

बाजूला पुंजाजी उभा. आता त्याच्यासमोर कडूबा आपलं काही चुकलं म्हणतो होय?

"टोप्या सर्दल्या," तो म्हणाला. "उद्या तुह्या गाडीवर जाऊ. खामगावहून नव्या आणू."

"पण दादा, डुकरं परवापासून नाल्यात उतरून राह्यले. संध्याकाळी वावरात मी पायजे."

"दिवस बुडायच्या आत येतो आपण. काऊन भेतं एवढा?"

पुंजाजीची बायको जनकाबाई म्हणाली, "जा हो. मी हाय न. डबा वाजवीन."

खामगावात दुकान गाठलं तर मालक जेवायला गेलेला. तो आला चार वाजता. परवाना पाहिला, रजिस्टरात लिहिलं, टोप्यांची डबी पुढे सरकवली आणि सहज विचारलं, "टोपी फुटते न? मग टोपीचा काय दोष? जमा करताना तेल घातलं असंल. भरायच्या आधी पुसलं होतं का? उरलेलं तेल जळायला रिकाम्या नळीवर दोन टोप्या जाळल्या होत्या?"

कडूबाला आत्ता आठवलं. ठाण्यात गंज चढू नये म्हणून त्याने नळीत आणि निपलमध्ये चांगलं सढळ हाताने गोडेतेल सोडलं होतं. सोडलं आणि साफ विसरला. वरून दारू ठासून मोकळा. आता ती दारू आत तेल पिऊन बसली असणार. पण पुंजाजी अगदी खांद्याशी उभा होता.

"हाव, पुसलं न," कडूबा म्हणाला.

परतताना अर्ध्या वाटेतच अंधारलं. पुंजाजी जमेल तेवढी गाडी दामटत होता. वावराशी पोचले तेव्हा जनकाबाई बांधावर बसली होती, मांडीवर चेपलेला डबा. आवाज पार बसलेला. "वीस-पंचवीस होते," ती म्हणाली. "किती वाजवलं मी. हटेचनात. एक तर माह्याच अंगावर धावलं." बॅटरीच्या उजेडात जिथवर दिसलं तिथवर मका आडवा होता. कडूबाच्या खिशात टोप्यांची डबी होती. तिचं आता करायचं काय, त्याला कळेना.

सकाळी अंगणात बसून त्याने नळीतली दारू उकरून काढली. चिकट काळा लगदा निघाला. गजाला सुकं फडकं गुंडाळून नळी पुसली, रिकाम्या निपलवर दोन टोप्या जाळल्या, कोरडी दारू भरली. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही. गीताबाईने ते तेलकट फडकं पाहिलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"टोप्या चांगल्याच होत्या तर," ती म्हणाली. "त्याले सांगून या."

सांगायचं ठरवूनच तो बंदूक घेऊन निघाला. पुंजाजी आणि जनकाबाई चिखलातून अर्धी खाल्लेली कणसं वेचत होते, म्हशीसाठी. कुठून सुरू करावं? शेवटी त्याने बंदूक उचलली आणि हवेत घोडा पाडला. असा खणखणीत बार झाला की नाल्यापलीकडच्या बाभळीवरचे बगळे उठले.

पुंजाजीने हातातली पाटी खाली ठेवली.

"पुंजाजी, आयक," कडूबा म्हणाला, "त्या टोप्या..."

"माहीत हाय दादा. पहिल्या खराबच होत्या," पुंजाजी म्हणाला. त्याने कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी काऊन जीवाले लावून घेता? गुडघे दुखत असून माह्यासाठी खामगावपर्यंत आले. एवढं कोण करते?"

जनकाबाईने बसक्या आवाजात विचारलं, "चहा मांडू का दादा?"

सांगायला तोंड उघडलेलंच होतं. कडूबा म्हणाला, "मांड."